गुळवी बाईंचा पहिलीचा वर्ग

चौथीतल्या एका मुलीला मी हाताला धरून पहिलीच्या वर्गात नेऊन बसवलं होतं. सगळी शाळा बघत होती. मुलीचं नाव हर्षाली. मी तिचा वर्गशिक्षक होतो आणि शाळेचा मुख्याध्यापकही होतो. म्हणजे तिला तक्रार करायची असती तर माझ्याकडेच करावी लागली असती. तिने केली नाही. पहिलीच्या पोरांच्या मागे, भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन ती बसली. मी दारातूनच मोठ्याने म्हणालो, "बाई, हिला वाचता येईपर्यंत ही तुमची."

गुळवी बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे बघितलं. एका पोराला म्हणाल्या, "जरा सरक रे, ताईला जागा दे."

माझी चूक मला कळायला काही महिने लागले आणि ती तोंडाने कबूल करायला काही वर्षं. त्या मधल्या काळात बाईंनी काय केलं, ते मला सांगायचं आहे.

आमची शाळा भिवंडी-वाडा रस्त्यावर, शेलार गाव मागे टाकून अंबाडीकडे निघालं की आत वळणाऱ्या एका गावात आहे. चौथीपर्यंतच वर्ग. बाई पडघ्याच्या बाजूने स्कूटरवरून यायच्या. ठेंगण्या, भक्कम बांध्याच्या, आणि आवाज असा की गावात शिरताना त्यांनी कुणाला हाक मारली तर आमच्या वर्गात पोरं पाट्या काढून बसायची. घाई इतकी की एकदा हेल्मेट काढायचं विसरून त्या प्रार्थनेला उभ्या राहिल्या. पोरं खुसखुसायला लागली तसं त्यांनी प्रार्थना संपेपर्यंत ते मुद्दामच काढलं नाही.

त्यांच्या बोलण्याची एक गंमत होती. एरवी त्या घरच्या बोलीत बोलायच्या. पोरांशी, पालकांशी, माझ्याशीही, 'हाय' आणि 'न्हाय' करत. पण रागावल्या की एकदम पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायला लागायच्या. त्यांच्या तोंडून 'आपण' आणि 'कृपया' असे शब्द आले की गावातला सरपंचसुद्धा खुर्ची सोडून उभा राहायचा.

बाई बदलून आमच्याकडे आल्या तेव्हा हर्षाली तिसरीत गेली होती, त्यामुळे तिचा त्यांचा संबंध आलेला नव्हता. बाईंनी पहिलीचा वर्ग मागून घेतला. असं कुणी करत नाही. पहिली म्हणजे रडारड, शेंबूड आणि सांडलेलं पाणी. मी आनंदाने देऊन टाकला. आणि जूनमध्ये बघतो तर यांनी पुस्तकच उघडलेलं नाही. पोरांना गोल बसवून त्यांच्याच नावांच्या टाळ्या वाजवणं चाललेलं. रो-श-न, तीन टाळ्या. प्र-ण-य, तीन टाळ्या. मग 'माळ'सारखा शेवट असलेला शब्द शोधा. मग वारांची नावं क्रमाने. मग एखादी गोष्ट सांगायची आणि पोरांकडून परत ऐकायची.

मी म्हणालो, "बाई, अभ्यासक्रम मागे पडेल."

"पडू द्या, गुरुजी. त्याला पाय हायत, येईल पुढं. पोर मागं पडला तर त्याला आनायला कोन जानार?"

"पण तुम्ही नक्की करताय काय?"

"आयकते. कुनाला शबदाचे तुकडे ऐकू येत न्हाईत, कुनाला वारांचा क्रम ध्यानात रहात न्हाय, कोन गोष्ट सगली सांगतो पन एक अक्षर वलखत न्हाय, ते बघते. आता दिसला तं आता काम सुरू. चौथीत दिसला तं तवर त्या पोराला आपन ढ म्हनून मोकले झालेलो असतो."

मी हसून सोडून दिलं. नवीन खूळ, असं मनात म्हटलं.

माझ्या वर्गाला मात्र एक अभिमानाची गोष्ट होती, सामूहिक वाचन. पूर्ण वर्ग एका सुरात धडा वाचायचा. रस्त्याने जाणारा माणूस थांबून ऐकेल असा. त्यात सर्वांत खणखणीत आवाज हर्षालीचा. ती चौथीत असताना एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी वाचन ऐकलं, मान डोलावली, आणि सहज म्हणून हर्षालीच्या पुस्तकाच्या मध्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "बाळा, हे वाच." हर्षालीने धडा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. "तो नाही, ही ओळ." तिने ओळीकडे पाहिलं, बोट सरकवलं, पुन्हा मागे आणलं. शब्द एकही आला नाही. साहेब नुसते माझ्याकडे बघून पुढे गेले.

मला वाटलं, ह्या पोरीने मला इतके दिवस फसवलं. ते गेल्याबरोबर मी तिला पहिलीत नेऊन बसवलं. संध्याकाळी तिच्या वडिलांना, काशिनाथला, रस्त्यात गाठून सांगितलं, "पोरगी मंद आहे. चौथीनंतर अंबाडीला हायस्कूलला पाठवण्यात अर्थ नाही. शिवणकाम वगैरे शिकवा." काशिनाथने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि घरी जाऊन पोरीला मारलं. मारल्याचं मला बाईंकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"मुख्याध्यापक महोदय, आपला थोडा वेळ हवा आहे."

मी पेन खाली ठेवलं.

"आपण ज्या मुलीला मंद म्हणालात, तिला चौथीचं मराठीचं पुस्तक पूर्ण पाठ आहे. बाकीच्यांचं ऐकून ऐकून पाठ केलंय तिने. मंद मुलीला हे जमेल, असं आपल्याला वाटतं का?"

"मग वाचत का नाही?"

"हाच प्रश्न आपण तिला ओढत नेण्याआधी विचारायला हवा होता."

मग त्या बसल्या, आणि बोली परत आली. म्हणाल्या, हे पोर भ आणि म मध्ये अडकतं, घ आणि ध मध्ये अडकतं, ओळ संपली की पुढची सापडत नाही. ज्या दिवशी एकेकट्याने वाचायचं असतं त्या दिवशी हिच्या पोटात दुखतं, किंवा ही पाणी भरायला सर्वांत आधी उठते. "तुम्हाला वाटला पोरगी कामसू हाय." त्यांनी डिसलेक्सिया हा शब्द सांगितला. तो मी ऐकलेला होता, पण शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांना होणारं काहीतरी, अशी माझी समजूत होती. "डोले चांगले, कान चांगले, डोका चांगला. फकस्त अक्षर आनि त्याचा आवाज यांची गाठ डोक्यात लवकर बसत न्हाय. शिकवायची रीत बदलली तं बसते. उशीर केला तं पोर सोताला मूर्ख समजायला लागतं, आनि मंग ते काढनं अक्षरांपरीस कठीन."

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"ठाण्याला प्रशिक्षन व्हता. तिथं बाई शिकवत व्हत्या आनि मी मागं बसून रडत व्हते." मग म्हणाल्या, "माझा भाऊ हुशार व्हता, गुरुजी. त्याला आम्ही सगल्यांनी मिलून ढ केला. आता पडघ्याला गॅरेज हाय त्याचा. बिल अजून बायको लिहिते."

त्याबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

पालकांना शाळेत बोलवायचं नाही, हा बाईंचा नियम. शाळेत बोलावलं की बाप आधीच हात जोडून येतो आणि आई पदर डोळ्याला लावून. त्या घरी जायच्या, दारात चपला काढायच्या आणि स्वतःच कोरा चहा मागायच्या. हर्षालीकडे जाताना त्यांनी मला सोबत नेलं. "बोलू नका फकस्त," असं वाटेत बजावलं.

काशिनाथ छोटा टेम्पो चालवायचा, गोदामांतला माल पोचवायचा. तो ओट्यावर बसला होता. हर्षालीची आई सुनंदा चहा ठेवायला आत गेली.

बाईंनी अर्धा चहा पिऊन विचारलं, "काशिनाथ, घरात अजून कोनाला वाचायचा तरास हाय का? काका, आत्या, कोनी?"

"न्हाय, बाई. आमच्या घरान्यात असला काय न्हाय."

"तू किती शिकलास?"

"सातवी. पुढं मन न्हाय लागला."

आतून सुनंदाचा आवाज आला. "सांग ना त्या निल्या गेटचा."

"तू गप."

"मी कशाला गप? सांग."

काशिनाथने रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग सुनंदाच बाहेर आली आणि तिनेच सांगितलं. काशिनाथ गोदामं ओळखायचा ती गेटच्या रंगावरून. हिरवं गेट कापडाचं, लाल गेट औषधांचं, पिवळ्याला लागून वळलं की प्लास्टिकचं. बोर्ड त्याने कधी वाचलेच नव्हते. मग एका मालकाने तिथली ओळच्या ओळ विकत घेतली आणि सगळी गेटं निळी रंगवली. काशिनाथ माल घेऊन दुपारपर्यंत गोल गोल फिरला आणि शेवटी टेम्पो बिघडला असं सांगून घरी आला.

बाई आधी हसल्या. मोठ्याने, अगदी मोकळेपणाने. काशिनाथही ओशाळून हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा बदलला.

"म्हनून मारतो तिला," तो म्हणाला. "मना भ्या वाटतो, बाई. माझ्यासारखी झाली तं?"

"तुझ्यासारखी झाली तं वाईट काय? डोका वापरून सगली गोदामा पाठ करनारा बाप हाय तिचा. पन तुला कोनी शिकवला न्हाय बरोबर, तिला शिकवू. मारायचा बंद. आनि अंबाडीला जायचा का न्हाय ते आता ठरवायचा न्हाय. मार्चमंदी बोलू."

काशिनाथने माझ्याकडे बघितलं. "पन गुर्जी म्हनले..."

"गुरुजींचा नंतर बघू," बाई म्हणाल्या. मी चहाच्या कपात बघत बसलो.

त्या दिवसापासून मार्चपर्यंतचा काळ बाईंनी जिंकून घेतला, असंच म्हणायला हवं. काही दिवसांत हर्षाली परत माझ्या वर्गात बसायला लागली, आणि शाळा सुटल्यावर रोज थोडा वेळ त्यांच्याकडे. गोदामात कामाला जाणाऱ्या आयांकडून त्या रिकामे खोके मागवायच्या आणि त्यांतून हाताएवढी अक्षरं कापायच्या. पोरीने डोळे मिटून अक्षराच्या कडेवरून बोट फिरवायचं आणि त्याचा आवाज म्हणायचा. आठवड्याला मोजकीच अक्षरं. ती पक्की झाल्याशिवाय पुढे नाही. पुठ्ठ्याच्या पट्टीत एक खिडकी कापलेली होती. ती पानावर ठेवली की एकच ओळ दिसायची, बाकीची गर्दी झाकली जायची.

आणि सुनंदाला सांगून ठेवलं होतं, भाकरीचं तांदळाचं पीठ परातीत घेतलंस की लगेच उकड काढू नको. आधी पसरून ठेव, हर्षालीला त्यात बोटाने अक्षर काढू दे, ते म्हणू दे, मग मळ. सुनंदा म्हणायची, "बाई, सकाली भाकरीला उशीर व्हतो." बाई म्हणायच्या, "नवऱ्याला सांग, आज भाकरीत क हाय, दमान खा."

मी बाजूने बघत होतो. मला पटलेलं नव्हतं, हेही सांगून टाकतो. सहामाहीत परिसर अभ्यासाच्या पेपरात तिने जवळजवळ काही लिहिलं नाही, तेव्हा तो पेपर घेऊन मी बाईंकडे गेलो. थोडा जिंकल्यासारखाच गेलो.

"बघा," म्हटलं.

बाईंनी हर्षालीला हाक मारली. "गुरुजी, हेच प्रश्न तोंडी विचारा."

मी विचारलं, "तुमच्या परिसरातले पाण्याचे साठे कोणते?"

हर्षालीने आधी बाईंकडे बघितलं. मग म्हणाली, "गुर्जी, आपल्याकडं तला हाय. पन त्यात गोदामवाल्यांनी भराव टाकलाय, अर्धाच रायलाय. म्हंजे साठा हाय असा लिवायचा का व्हता असा? मना कलेना, म्हनून थांबले. मंग पुढचा वाचेपर्यंत घंटा झाली."

मी पुढचा प्रश्न विचारला. त्याचं उत्तर आलं. त्याच्या पुढचाही. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली का जातं, हे तिने आमच्या गावच्या दोन विहिरींची तुलना करून सांगितलं. त्या पेपरात इतकं चांगलं उत्तर वर्गातल्या कुणीच लिहिलेलं नव्हतं. मी लाल पेन हातात धरून उभा होतो.

"आता मार्क द्या," बाई म्हणाल्या.

मी दिले. आणि मला आठवायला लागलं. नोकरीच्या इतक्या वर्षांत माझ्या वर्गात किती पोरं पाणी भरायला सर्वांत आधी उठायची, ते चेहरे एकेक करून डोळ्यासमोर यायला लागले.

मार्चमध्ये हर्षालीने बाईंच्या पहिलीच्या पोरांना एक गोष्ट वाचून दाखवली. अडखळत, एकेक ओळ पट्टीने पकडत, पण तिने कधी न ऐकलेली गोष्ट. पहिलीची पोरं फार चांगले श्रोते असतात. पुढे काय होणार यातच त्यांचा जीव असतो, किती वेळ लागला हे ती बघत नाहीत. काशिनाथ खिडकीबाहेर उभा राहून ऐकत होता. गोष्ट संपल्यावर तो टेम्पोत जाऊन बसला आणि बराच वेळ टेम्पो सुरूच केला नाही. मग परत आला आणि म्हणाला, "अंबाडीला नाव घालू."

बाई सुनंदाला घेऊन मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात हर्षालीची रीतसर तपासणी करून आल्या. त्यासाठी शाळेच्या पत्रावर सही मी केली. परीक्षेत जास्तीचा वेळ आणि गरज पडली तर लेखनिक मिळण्याची सोय झाली. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना भेटायला आम्ही दोघं गेलो. ते म्हणाले, "बाई, आमच्या एकेका वर्गात किती पोरं आहेत बघा. एकीकडे कुठे लक्ष देणार?"

"लक्ष देऊ नका, साहेब. फळ्यावर लिहाल ते तोंडाने वाचा, त्याने सगल्यांचाच फायदा हाय. तिला अचानक उभी करून सगल्यांपुढं वाचायला लावू नका. आनि उत्तर तोंडी आला तरी घ्या. मी मधून मधून येनार बघायला."

त्या खरोखरच जात राहिल्या. हायस्कूलचे शिक्षक स्कूटरचा आवाज ओळखायला लागले होते, असं मला पुढे एका शिक्षकाने हसत सांगितलं.

चौथीच्या शेवटच्या दिवशी मी हर्षालीला एक चांगली कंपासपेटी दिली. तिने घेतली, पाया पडली. ती गेल्यावर बाई म्हणाल्या, "पेटी झकास हाय, गुरुजी. पन पोरीला दुसरा कायतरी पायजे व्हता." मला समजलं होतं. तरी मी म्हणालो, "बघू." ते 'बघू' पुढे कित्येक वर्षं चाललं.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी हर्षाली पेढे घेऊन शाळेत आली. प्रथम श्रेणीत पास झाली होती. आम्ही सगळे टक्के विचारत होतो. बाईंनी एकच विचारलं, "प्रश्न सोता वाचलेस?"

"सगले, बाई. इंग्रजीचा एक उतारा सोडून. त्याच्यापुढं हात जोडले."

"जोडले ना? मंग झाला. त्याचा आनि आपला जुना वैर न्हाय."

तोवर आजूबाजूच्या शाळांतले पहिलीचे शिक्षक जूनमध्ये बाईंचा वर्ग बघायला यायला लागले होते. पोरांत मांडी घालून बसायचे, नावांच्या टाळ्या वाजवायचे, आणि जाताना बाजूला घेऊन विचारायचे, "बाई, माझ्याकडे एक मुलगा आहे..." कुणी शिक्षक स्वतःच्या मुलाबद्दल विचारायचा. बाई एकालाही घाबरवत नसत. म्हणायच्या, "आपन डाक्टर न्हाय, शिक्का मारायचा न्हाय. पन दिसला तं गप बसायचा न्हाय. आजपासून पद्धत बदलायची, आनि वय झाला की तपासनीला न्यायचा."

या वर्षी बाई निवृत्त झाल्या. शाळेच्या पटांगणात मांडव घातला. गाव आलं, पालक आले, आसपासचे शिक्षक आले. हर्षाली आता बारावीत आहे. तिने सांगितलं, मला बोलायचं नाही, वाचायचं आहे. पाठ करून धडाधड म्हणणं तिला मुळीच अवघड नव्हतं. पण ती कागद घेऊन माईकसमोर आली, ओळीखाली बोट ठेवलं आणि सावकाश वाचायला लागली. एका शब्दाला अडली. माझ्या शेजारच्या शिक्षकाने तो शब्द पुरवायला तोंड उघडलं, तर बाईंनी बसल्या जागेवरून नुसता हात वर केला. सगळा मांडव थांबला. हर्षालीने तो शब्द स्वतः सोडवला आणि पुढे गेली. शेवटची ओळ संपली तसा टाळ्यांचा जो आवाज उठला, तसा आमच्या शाळेत कधी उठला नव्हता. काशिनाथ उभा राहून दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता.

तिने लिहिलं होतं की चौथीत असताना मी काही दिवस पहिलीच्या वर्गात होते, तिथे मला बाई भेटल्या. तिला तिथे कुणी नेलं, कसं नेलं, ते तिने लिहिलं नव्हतं. एवढ्या मेहनतीने लिहिलेल्या कागदात तिने मला झाकलं होतं.

नंतर माझी पाळी होती. गौरवाचं भाषण तयार होतं. दोन वाक्यं बोलून मी थांबलो. म्हणालो, हर्षालीने एक गोष्ट सांगितली नाही, ती मला सांगायची आहे. आणि सांगायला लागलो.

"गुरुजी," मागून बाईंचा आवाज आला. "खाली जाऊन तिला सांगा. माईक घेऊन जा. त्या दिवशी सगल्यांनी ऐकला व्हता."

मी माईक घेऊन मंचाच्या पायऱ्या उतरलो. वळून बघितलं, तर बाईंनी अंगावरची शाल काढून मांडीवर घेतली होती. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मांडवाच्या मागच्या बाजूला पहिली-दुसरीतल्या पोरांचे आईबाप बसले होते, त्यांचे चेहरे त्या एकेक करून बघत होत्या. कुणाच्या घरी आता कोरा चहा मागायला जावं लागेल, ते त्या शोधत होत्या. निवृत्त झालेल्या बाईचे डोळे ते नव्हते.

हर्षाली उठून उभी राहिली. मी म्हणालो, "बस, बाळा. आज मी उभा राहतो. तू मंद नव्हतीस. एकही दिवस नव्हतीस. तुला शिकवायचं कसं ते मला येत नव्हतं, आणि ते मान्य करण्यापेक्षा तुला मंद म्हणणं मला सोपं गेलं. तुला सगळ्यांसमोर ओढत नेलं. तुझ्या बाबांना खोटं सांगितलं, त्यापायी तू मार खाल्लास. काशिनाथ, सुनंदा, तुम्हीही ऐका. चूक माझी होती. हर्षाली, मला माफ कर."